ठोका

निफाडचा पारा काल पाचावर होता,
पेपरात शेकोटीचा फोटो,
आणि आज सकाळी सव्वासातला
रात्रपाळी संपवून सातपूरच्या गेटाबाहेर येते तर
उंबराच्या शेंड्यावरून
टुक्.
मग इतका वेळ काहीच नाही
की वाटलं, कानात प्रेसमशीनच उरलंय.
मग परत
टुक्. टुक्.

मूठभर हिरवा पक्षी.
कपाळावर लाल मळवट,
गळा फुगवून डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे.
तांबट!
वृषाली म्हणाली, रिक्षा भरली, चल.
म्हटलं, तुम्ही व्हा पुढे.

पायी निघालं की दिसायला लागतं.
कंपनीच्या भिंतीशी, जिथं भंगारातलं ऑइल झिरपतं,
तिथं भुईरिंगणी पसरलीय, पानापानावर काटे,
आणि मधोमध जांभळं फूल.
मागच्या आठवड्यात इथेच चप्पल काढून
मी काटा उपसला होता.
तेव्हा फूल नव्हतं.
किंवा असेल, मी काट्याकडेच बघत होते.

काटेसावर निष्पर्ण झालीय,
कळ्या अजून बोराएवढ्या, गच्च मिटलेल्या.
त्र्यंबक रस्त्याच्या पळसाचं तर विचारूच नका,
काळपट मखमली कळ्या धरून बसलाय,
उसनं मागायला आल्यासारखा,
तोंड उघडेना.
जुन्या नाशकातल्या रहाडीही अजून मातीखाली,
रंगपंचमीला दीड महिना आहे.
नंदिनीच्या पुलाखाली धोबी मात्र तसाच,
या धोंड्यावरून त्या धोंड्यावर, शेपटी आपटत.
जवळून पाहिलं, तर गळ्याखाली
काळं धरायला लागलंय त्याच्या.
म्हणजे जायची तयारी.
सांगत नाहीत, पण दिसतं.

घरी अप्पा खुर्ची ओढत ओढत
उन्हाच्या मागे.
चाळीस वर्षं तांबट आळीत हंडे, बंब, घंगाळी ठोकली.
डावा कान तिथेच राहिला,
उजवा निम्मा घरी आला.
पूर्वी ही बातमी तेच आणायचे.
"आमचा भाऊबंद बसला दुकानावर,"
एवढंच म्हणायचे चहा ओतता ओतता,
आणि आई त्या दिवशी गोधड्या धुवायला काढायची.

मी ओरडले, अप्पा, तांबट बोलला!
"कोण गेला?"
या वयात बातमी म्हटली की तीच.
नाही हो, तांबट! पक्षी!
"कधी नेणार?"

मग मी त्यांचा हात घेतला,
घट्टे पडलेल्या तळव्यावर एका बोटानं,
ऐकलं होतं तसंच:
टुक्.
थांबले. अजून थांबले.
टुक्. टुक्.

त्यांनी डोळे मिटले.
एखाद्या पोरानं पहिलावहिला तांब्या घडवून
पुढ्यात ठेवावा, तसा चेहरा.
"ठोका सैल आहे," म्हणाले.
"तापलं नाही अजून. पंधरा दिवस धर."

तरी कानटोपी काढली.
उजवा कान खिडकीकडे करून बसले.

मी पडदा ओढून आडवी झाले.
डोळा लागता लागता
खिडकीच्या गजावर कुणी नखानं वाजवत होतं,
आधी सावकाश,
मग जरा घाईनं.