जोत्याची उंची

टाईप प्लॅनमध्ये जोतं पंचेचाळीस सेंटीमीटर.
लातूरला तेवढं, भंडाऱ्याला तेवढं,
आणि इथे, जिथे उधाणाची खाडी
शाळेच्या पायरीवर बोय सोडून जाते,
इथेही तेवढंच.

उपकेंद्राची जागा मोजायला आलेला मी,
कनिष्ठ अभियंता, बुटांत चिखल.
अनशी डोर्लेकर सुकट पाखडता पाखडता उठली,
दाराच्या चौकटीवरची कोयतीची खाच दाखवली.
"पानी हितवर आलंवतं. वादळाच्या साली."
खाली आणखी एक खाच, जुनी, सासऱ्याने पाडलेली.
दोहोंत वीतभर अंतर.
मी टेप लावली. जमिनीपासून वरच्या खाचेपर्यंत
एक मीटर दहा.

अंदाजपत्रकात रकाने सतरा.
खोदाई, भराव, जांभा, सिमेंट, वाहतूक, रॉयल्टी.
खाच कुठल्याच रकान्यात मावेना.
जोतं दीड मीटर धरलं, खर्च सहा लाखांनी चढला,
आणि फाईल परत आली लाल शाईत:
"मापदंडात बसत नाही. खुलासा करावा."

केला. चौकटीचा फोटो जोडला.
पुन्हा परत: "सदर चौकट शासकीय नाही."

मग तहसिलातून पंचनाम्यांची गाठोडी उपसली.
बारा वर्षांत तीन वेळा भरपाई,
त्याच वाडीला, त्याच भिंतींना,
एका म्हातारीच्या त्याच शिलाई मशीनला.
बेरीज मारताना सहा लाख
पहिल्याच गाठोड्यात बुडाले.

नियोजन समितीत अडीच मिनिटं मिळाली.
कुणी चहा ढवळत विचारलं,
पुन्हा येईलच पाणी, कशावरून?
मी तोंड उघडलं, तेवढ्यात
पुढचा विषय पुकारला. स्वागत कमान, सुशोभीकरण.

मंजुरी चैत्रात आली.
जोतं दीड मीटर.
रक्कम मात्र मूळचीच.
"फरक अन्यत्र समायोजित करावा."
म्हणजे एक खोली कमी.

सांगायला गेलो.
अनशीचं सूप हलतच होतं.
"कंची?"

प्रसूतीची.

सूप थांबलं.
खाडीला ओहोटी होती, होड्या कुशीवर पडलेल्या,
एवढं कोरडं सगळं की कुणी मला
खोटारडा म्हटलं असतं.
"मंग पानी आलं की बायांनी वर चडायचं," ती म्हणाली,
"आनि बाळंतीन खाली व्हायचं?"

टेप माझ्या हातातून सुटली,
खाटकन आपली आपण गुंडाळली गेली.