अंधारातली गळती

मगदूम मॅडम म्हणतात, उजेडात काय, सगळेच सोडतात.
तू मला अंधारातला आकडा दाखव.

म्हणून मी फॉइलमध्ये गुंडाळलेली बाटली
लाल बल्बाखाली उघडते.
तळाशी चमचाभर जेल, साबुदाण्याच्या खिरीसारखं थरथरणारं,
हळदीतलंच औषध पोटात धरून बसलेलं.
जांभळा दिवा लावला की त्याची वीण उसवते,
औषध पाण्यात उतरतं.
विझवला की थांबतं.
आलेखावर पायऱ्या पडतात,
आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये,
जिथे सपाट असायला हवं, तिथे
किंचित चढ.
सात महिने मी त्या चढावर राहते आहे.

आप्पा हरिपुरात पेवं उघडायचे.
माती बाजूला, फरशी बाजूला,
मग तोंडाशी कुणी बोलायचं नाही.
दोरीला बांधून आधी कंदील खाली सोडायचा.
ज्योत तगली तर माणूस उतरणार,
मलूल झाली तर पेव तसंच उघडं, उद्यापर्यंत.
खाली, उजेड न बघितलेली हळद
तीन-तीन वर्षं पिवळीधमक.
"पेव गळत नाही गं," म्हणायचे, "गळतं ते पोतं."
मग पुराच्या साली पाणी जमिनीखालून आलं.
त्यानंतर हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

परवा रात्री नवा नमुना कपाटात ठेवला,
फॉइल लावायची राहिली.
दोन वाजता वीज गेली. दस्तगीरमामा
फ्रिजचं पाणी कुठं झिरपतंय ते बघत आले,
बॅटरी कपाटात टेकवून फडकं शोधायला गेले
आणि तिकडेच झोपले.
सकाळी बाटलीतलं पाणी पिवळं.

मामा ओशाळले, चहा घेऊन आले.
मी वहीत लिहिलं:
नमुना एक्केचाळीस.
प्रकाश: दस्तगीर शिकलगार यांची बॅटरी.
वेळ: सेल संपेपर्यंत.
औषध सुटलं: सगळं.
खाली मॅडमची लाल सही,
आणि एक प्रश्नचिन्ह, जे त्या सहसा काढत नाहीत.

रात्री जेवताना घरी सांगितलं.
आप्पांना जेल कळत नाही, कळलं असतं तरी
त्यांनी हेच विचारलं असतं:
"कंदील कुठवर गेला होता?"
तळापर्यंत, मी म्हटलं.
"मग तगला की,"
म्हणाले, आणि ताक मागितलं.