टिचकी

खानापूरच्या कुंभारवाड्यात
चार खात्यांची चार पोरं घेऊन गेले.
पर्समध्ये प्रश्नावली होती, स्टेपल केलेली.
ती शेवटपर्यंत तिथंच राहिली.

नागूबाईनं मडकं कानाशी धरलं,
टिचकी मारली. टण्ण.
दुसरं. टण्ण, जरा लांब.
तिसरं ठस्स.

"हसि," विद्याश्री पुटपुटली. एम.ए. कन्नड, दुसरं वर्ष.
"हसतंय?" सिद्राय म्हणाला,
"हे तर तोंड पाडून बसलंय की."
हसि म्हणजे कच्चं, तिनं सांगितलं, ओलं, न भाजलेलं.
पण तोवर केमिस्ट्रीच्या पोराच्या डोक्यात
हसणारं मडकं शिरलं होतं.

"मग जे जास्त हसतं, त्यातलं पाणी जास्त गार?"
नागूबाई हाताची माती पुसत म्हणाली,
"तसं नाही बाळ. लई वाजतंय ते झिरपत नाही,
झिरपत नाही ते गार करत नाही.
आणि वाजतच नाही ते चार दिवसांत विरतंय."
"मग बरोबर कुठलं?"
"ते हाताला कळतंय."

वीस वर्षं फिजिक्स शिकवतेय मी.
कुठल्या आवाजाचं पाणी गार,
हा प्रश्न कुठल्या पेपरात येतो
मला सांगता आलं नाही.
बरं वाटलं.

मुश्ताक बी.कॉम.चा, पण घरी तबला.
त्यानं मडकी सुरात लावली:
हे काळी दोन, हे पांढरी चार,
हे कशातच नाही, पण घेऊया.
फिलोमिना म्हणाली, अकरा तरी हवीत,
तीन मडक्यांवर आकडे विश्वास ठेवत नाहीत.

बेळगावच्या बसमध्ये मांडीवर अकरा.
मडकं, मडिके:
कोणी कुणाकडून घेतलं, यावर वाद पेटला.
तिसऱ्या वळणावर बस कलली,
आठही हात मडक्यांना गेले
आणि वाद सीटखाली पडला.
नंतर कुणी शोधला नाही.

मार्चभर व्हरांड्यात थर्मामीटर.
चौथं मांजरानं पाडलं.
आलेखाची रेघ नीट चालली होती,
सातवं मडकं तेवढं ऐकेना,
कधी गार, कधी कोमट, मन मानेल तसं.
सिद्रायनं माती तपासली. काही नाही.
फिलोमिना म्हणाली, वगळू या.

वहीत शेऱ्याच्या रकान्यात
विद्याश्रीचं कन्नड अक्षर होतं.
आम्ही कुणी वाचलंच नव्हतं.
"वाच," म्हटलं. तिनं मराठी करत वाचलं:
घाटाकडून वारा आला की
सातव्याला आधी कळतं.

वारा. आमच्या एकाही रकान्यात वारा नव्हता.
सिद्राय उठून व्हरांड्याच्या टोकाला गेला,
जिथं सातवं ठेवलं होतं,
आणि बोट ओलं करून उभं धरलं.

बिल आठशे ऐंशी रुपये.
ऑफिसातले हुद्दार विचारतात,
"मॅडम, कुठल्या खात्यात घालू?"
चार महिने झाले, ते पेपरवेटखाली आहे.
परवा मी गेले तेव्हा
पेपरवेटावर हुद्दार सहज टिचकी मारत होते
आणि कान देऊन ऐकत होते.