न बोलणारा एस

शुक्रवारी दहा शब्दांची परीक्षा.
थोरा खुर्चीवर गुडघे टेकून बसलेली,
आणि एर्लंड, हातांना अजून खेकड्यांचा वास,
कागद लांब धरून एकेक शब्द विचारतो.

"आयलंड."
"आय, एस, एल, ए, एन, डी."
"एस? तो कुठून आला?"
"असतोच तो, डॅड. बोलत नाही फक्त."

एर्लंड कागद जवळ घेतो. पुन्हा लांब.
मी सूप ढवळत राहते.

आमच्या लग्नाआधीचा मार्च:
नव्या होडीच्या नाकाडावर
जीभ दातांत धरून तो नाव रंगवत होता,
आय, एल, ए, एन, डी.
अकरा वर्षं ती तशीच समुद्रावर जातेय.
सगळ्या स्ट्रॉमनेसला दिसत होतं.
कुणी चकार शब्द काढला नाही.
मीही नाही.

"पुढचा विचार ना!"
तो घसा खाकरतो. "नाइफ."

दहापैकी नऊ मिळाले. 'फ्रेंड' चुकला.

शनिवारी धक्क्यावर गेले तर
दोघं लाल रंगाचा डबा घेऊन बसलेली.
आय आणि एलच्या फटीत
तिनं कोंबलेला एस,
किडकिडीत, उलट्या तोंडाचा.

एर्लंडनं तो तसाच वाळू दिला.