नमुना : तेवीस पुरुष

निवृत्तीला सात महिने उरले असताना
आरोलकर सर वाचनालयात माझ्यासमोरच्या टेबलावर येऊन बसले
आणि मोजू लागले
कोण कुणाचं नाव घेतं.

तीस वर्षांचे क्रीडाविज्ञानाचे निबंध.
प्रत्येकाच्या शेवटी बारीक टाइपातली यादी.
पडद्यावर ठिपके, ठिपक्यांना दोरे,
ज्याचं नाव जास्त निघालं त्याचा ठिपका मोठा,
आधी लिंबाएवढा, मग शहाळ्याएवढा.

पूर्वी सगळे प्राणवायू मोजायचे, सर म्हणाले,
मग गुडघे आले. मग झोप.
आता मनगटावरची घड्याळं.
मी म्हटलं, म्हणजे आपल्या बाजारासारखंच,
ज्या साली तारली येते त्या साली घरोघर तारली.
ते हसले नाहीत. वहीत लिहून घेतलं
आणि विचारलं, हे कुणाच्या नावावर टाकू?

एका कोपऱ्यात नऊ ठिपक्यांचा घोळका,
दोरे आतल्या आत.
हे हळदीकुंकू, मी म्हटलं.
तू माझ्याकडे ये, मी तुझ्याकडे येते,
वाण तेच, फिरत राहतं.
आणखी एक होता, स्वतःलाच एकेचाळीस वेळा बोलावलेला.
त्याच्याबद्दल आम्ही काही बोललो नाही.

गुरुवारी, गेलेली लाइट चारला आली तेव्हा
खाली डावीकडे एक मोहरी दिसली.
दोरा नाही.
आरोलकर, दि. पु., एकोणीसशे चौऱ्याण्णव :
रापण ओढणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके व रक्तातील आम्ल.
नमुना : तेवीस पुरुष, तालुका वेंगुर्ला.
छापणारी पत्रिका तिसऱ्या अंकानंतर बंद.
मशीनला हा सापडला नसता,
मीच हाताने टाकला, सर म्हणाले,
आणि चष्मा पुसत बसले.

कान सोनारानेच टोचावे म्हणतात.
त्या साली ते सरांनी टोचले,
नवाबागच्या वाळूत, उजाडायच्या आत,
हातातला दोर सुटल्या सुटल्या,
पाळीतला एकेक थेंब बारीक काचनळीत.

रापणीत होडीचा वाटा असतो, जाळ्याचा असतो,
उशिरा येऊन शेवटची दोन वाव ओढली
त्या पोराच्याही टोपलीत मूठभर पेडवे पडतात.
निबंधात मात्र एक नाव. आणि तेवीस आकडे.

रविवारी सर जुनी वही घेऊन नवाबागला गेले. मीही.
पुनाजी गिरप नाही. न्हानू केळुसकर नाही.
तातू मोर्जे मुलीकडे, मडगावला.
बस्त्याव फर्नांडिस होता,
उपड्या होडीच्या सावलीत, एक डोळा मिटून.
"तेव्हा कानातला रगात नेलंस मां,
तेचा काय झाला?"
छापलं, सर म्हणाले.
"कोणी वाचल्यान?"
सरांनी समुद्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे बोट केलं.
"ह्यांनी."

मी वाचला नव्हता.

त्या रात्री वाचला. अकरा पानं, दोन तक्ते,
मुद्रणदोष भरपूर, वेंगुर्ल्याचा ल तीनदा गळलेला.
क्रमांक चौदा :
दोर सोडला तेव्हा ठोके एकशे अठ्ठ्याहत्तर,
चौथ्या मिनिटाला ब्याऐंशी.
खाली सरांनी पंचकंसात लिहिलंय,
एवढ्या लवकर शांत होणारं हृदय
मी खेळाडूंत पाहिलेलं नाही.
वहीत चौदाव्या क्रमांकापुढे, पेन्सिलीने : बस्त्याव.

आमच्याकडे लाकडी कार्डकपाट आहे,
संगणक आल्यापासून कुणी उघडत नाही,
वर झाडूवाली राधाबाई तिचा डबा ठेवते.
मी तेवीस कोरी कार्डं काढली.
गिरप, पुनाजी. केळुसकर, न्हानू. फर्नांडिस, बस्त्याव.
प्रत्येकाखाली, जसा नियम आहे तसं :
पाहा, आरोलकर.

मोर्ज्यांचं कार्ड घालताना खण अडकला,
लाकूड फुगलंय दमटीने.
डबा उचलून बाजूला ठेवला
आणि गुडघा लावून ढकलला.
सरांना अजून सांगितलेलं नाही.