नव्वद मिली

जिंतूर रोडच्या मंगल कार्यालयात
आज लग्न नव्हतं, लढत होती.
नवरीच्या खोलीच्या दारावर कागद:
‘नमुना संकलन कक्ष. परवानगीशिवाय आत येऊ नये.’
आरशाच्या कडेला अजून कुणाच्या तरी टिकल्या.
पाण्याच्या सीलबंद बाटल्या बारा,
एक थंड पेटी,
आणि मी, गळ्यात ओळखपत्र.

माझं काम सांगितलं की लोक हसतात.
मी बघते.
धार खेळाडूचीच आहे ना,
कुठं नळी, कुठं पिशवी लपवलेली नाही ना.
छातीपासून गुडघ्यापर्यंत कपडे बाजूला,
बाह्या कोपराच्या वर,
आणि मी मान फिरवायची नाही.
पंधरा वर्षं सरकारी दवाखान्यात बेडपॅन उचलले,
पण लाज अशी सही घेऊन
कुणाची उतरवली नव्हती.

संघमित्रा हत्तीअंबिरे, सत्तावन्न किलो,
सहा फेऱ्या, गुणांवर विजयी.
वजनासाठी दोन दिवस पाणी तोडलेलं,
पहिल्या खेपेला पस्तीस मिली आले.
नियम म्हणतो नव्वद.
पस्तिसाला सील लावलं, नंबर टाकला
आणि बसून राहिलो दोघी
करवल्यांच्या लाल खुर्च्यांवर.

चौथ्या बाटलीचं झाकण तिच्या हातून निसटलं.
उजवा हात.
मधल्या बोटाची गाठ वांग्यासारखी, निळी, तकतकीत.
“जागा होऊलालाय,” ती म्हणाली,
पाळण्यातल्या लेकराबद्दल बोलावं तशी.
दुपारी गाडीत, मागच्या सीटवर,
कोचच्या ओळखीच्या कंपाउंडरनं टोचलं होतं.
“मग हात माझा नव्हताच, ताई.
मी मारूलालते, आवाज येऊलालता,
लागत नव्हतं काही.
शेजारच्या घरी कुणीतरी
भिंतीत खिळा ठोकूलालंय, असं.”

मग फॉर्म.
‘मागील सात दिवसांत घेतलेली औषधे: नाव, मात्रा.’
सर्दीच्या गोळीपायी लोकांची वर्षं गेलीत.
बधिर करायची सुई यादीत नाही.
सूज उतरवायची आहे.
दोन्ही एकाच सिरिंजमध्ये भरता येतात.
मला माहीत आहे, दवाखान्यात
खांदेदुखीवाल्यांसाठी मीच भरायचे.

कुपी एक होती की दोन, पोरी?
प्रश्न जिभेवर आला
आणि टाळूला चिकटून बसला.
साक्षीदारानं सल्ला द्यायचा नसतो.
कोच बाहेर, मानधनाच्या पाकिटावरून हुज्जत घालत.
“ताई, काय लिहू?”
मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.
तिनं पेन डाव्या हातात घेतलं,
पहिलीतल्या लेकरासारखी अक्षरं काढली:
सुई. उजवा हात. पांढरं पाणी होतं.
मात्रेच्या रकान्यात: तीन जागी.

अकरा वाजून दहा मिनिटांनी उरलेलं आलं.
मी बघितलं. धार तिचीच होती.
ए बाटली, बी बाटली,
झाकणं खेळाडूनं स्वतः फिरवायची.
बाटली गुडघ्यांत धरून, डाव्या हातानं,
कट्, कट्,
कपाळावरून घाम डोळ्यात.
पुढं गेलेला माझा हात मी मागं घेतला.
पाण्यावर नजर ठेवायला माणूस नेमलेलं असतं.
हातावर कुणीच नाही.

पेटीत बर्फाचे पुडे सहा लागतात.
मी पाच ठेवले.
सहावा रुमालात गुंडाळून दिला तेव्हा
ती पहिल्यांदा “आई गं” म्हणाली,
अगदी हळू,
सहा फेऱ्यांनंतर जवळजवळ तीन तासांनी.

बाहेर मांडववाला तोंडातला तंबाखू सांभाळत विचारत होता,
“मॅडम, खोली कधी मोकळी होणार?
सकाळी सातला हळद आहे.”