प्रश्न क्रमांक सात

सर म्हणाले, दोन मिनिटांची सुरुवात करा.
पुढचा सिनेमा नसला तरी चालेल,
तो आहे, असं वाटलं पाहिजे.
आणि वहीत लिहा: प्रभाव कुणाचा, प्रेक्षक कोण.

प्रभावाखाली मी आधी खोटं लिहिलं,
उच्चारता न येणारी परदेशी नावं.
मग खोडलं. खरं असं, की
वेंगुर्ल्यात बंदराच्या वाटेवर एक दुकान होतं,
तिथं भाड्याने मिळायची चरा पडलेली सीडी.
बाई जिना चढते, कडीला हात लावते
आणि अडकते. हात, कडी. हात, कडी.
फडक्याने पुसली, खोबरेल लावून पाहिलं,
दार काही उघडलं नाही.
त्याच्याआड काय होतं, मला आजही माहीत नाही.
रहस्यपटातलं मला कळतं ते एवढंच.

दुसरा प्रभाव जत्रेतला.
बाबल मेस्त्री, रात्री दशावतारात राक्षस, दिवसा सुतार.
रंधा मारता मारता म्हणाला,
"राक्षसाक कोण भियता गो? तो नुसतो आरडता.
त्याच्या आदी पेटी थांबता बग, मृदंग थांबता,
त्या थांबण्याक लोक भियतत."
मी लिहिलं: आवाज शून्य, चार सेकंद.

मग चाळीस झेरॉक्स, दोन पेनं,
आणि कॅमेरा सांभाळायला इनास फर्नांडिस.
वय काय, सिनेमा कुठं बघता, मोबाइलवर की टीव्हीवर.
प्रश्न सात: तुम्हाला भीती कशाची वाटते?
बर्फाच्या कारखान्यातला पोरगा म्हणाला, भुताची,
आणि मित्राकडे बघून हसला.
एसटीचा कंडक्टर: शेवटच्या गाडीत झोपून राहिलेल्या माणसाची.
बँकेतल्या बाईंनी रकाना कोरा ठेवला,
मग परत बोलावून लिहिलं, "फोन. रात्री दोननंतरचा."

तानी केळुसकर बांगडे कापत होती.
वय? "लिही काय तां."
आमची गोष्ट ऐकवली: पळणारे पाय, बॅटरी,
दीपस्तंभाचा फिरता झोत, झोतात चमकणारा सुरा.
ती थांबली नाही. हातातलाच वर धरला.
"ह्यो? ह्यो माज्याकडे रोजच आसता.
तू झाकलेलां ताट दाखव.
दुपारी झाकलेलां, आनी सांजेकपण झाकलेलांच."
मग म्हणाली, शंभराचे घे, ताजे आसत.
घेतले.

पळणारे पाय गेले. बॅटरी गेली.
दीपस्तंभाची परवानगी तशीही मिळाली नव्हती.
इनासच्या स्वयंपाकघरात एक ताट, वर पालथं दुसरं,
खिडकीच्या गजांची सावली
टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.
एक माशी, जिला कुणी बोलावलं नव्हतं.
मागे फ्रिजची घरघर, सतत, कानाला न जाणवणारी,
आणि एक मिनिट अठ्ठेचाळिसाव्या सेकंदाला
फ्रिज बंद होतो.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दाखवली.
मागच्या पोरांनी आधी शिट्ट्या मारल्या,
"जेवाण कधी वाढतलास?" म्हणून ओरडले.
घरघर थांबली तसे पंख्याचे आवाज ऐकू आले.
पहिल्या रांगेतून तानी उठली,
पडद्यावर तिची सावली पडली, ताटाएवढी,
आणि ती बाहेर.

मला वाटलं, पसंत नाही पडली.
खिडकीतून पाहिलं: जिन्यावर उभी,
फोन कानाला लावलेला.
बोलत नव्हती. पुन्हा नंबर दाबला, पुन्हा कानाला.
खाली टोपलीवर ओला बारदान, शेजारी मांजर.

सरांना तक्त्यात आकडे हवे होते.
शेवटपर्यंत थांबले: एकोणचाळीस.
मध्येच उठून गेले: एक.
पुढच्या रकान्यात कारण लिहायचं असतं,
त्यावरून सिनेमा कुठं कमी पडला ते कळतं.
इनास म्हणाला, लिही, कंटाळा.

मी लिहिलं, रेंज नव्हती.